नियोजित जिल्ह्याची गाडी

लातुरात मी एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. जून संपता संपता त्वरणाचा धडा येतो. तेव्हा मी फळ्यावर एक गाडी काढायचो, चांगली लांबडी, आणि गणित घालायचो: ही गाडी उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग सात सेकंदांत गाठते, तर तिचं त्वरण काढा. पोरं काढायची. वर्षानुवर्षं उत्तर बरोबर यायचं आणि मी पुढच्या गणिताकडे वळायचो. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोरीने हात वर केला.

"सर, तुम्ही बसलात का कधी असल्या गाडीत? पाठीला कसं वाटतं?"

"सीटला कुणी दाबून धरल्यासारखं वाटतं," मी ठोकून दिलं. दोनशे पोरांचा वर्ग खो खो हसला. माझी स्कूटर क्लासच्या दारातच उभी असायची आणि ती सगळ्यांनी पाहिलेली होती.

मला राग पटकन येतो आणि मुक्काम ठोकून राहतो. त्या पोरीचा राग आला नाही, माझाच आला. पंधरा वर्षं मी जे शिकवत होतो ते एकदाही माझ्या पाठीला कळलेलं नव्हतं. हदगावच्या शेतकऱ्याच्या घरातून एसटीने नांदेडला शिकायला आलेला माणूस मी. एसटीच्या त्वरणावर काय गणित घालणार?

घरी येऊन बायकोला सांगितलं की अशी गाडी घ्यायची, जुनी का होईना. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर निलंग्याचं, त्यामुळे मराठीइतकंच कन्नडही बोलते आणि दोन्ही भाषांत मला गप्प करू शकते.

"तुम्हाला गाडी पाहिजे का पाठीला धक्का पाहिजे?" ती म्हणाली. "धक्का मी देते. फुकट."

पण चार महिन्यांनी ती माझ्यासोबत उदगीरला आली. एका डाळमिलवाल्याकडे जर्मन गाडी विकायला आहे, अशी बातमी आमच्या क्लासच्या केमिस्ट्रीच्या सरांनी आणली होती. सहा सिलिंडर, अकरा वर्षांची, गडद निळी, पहिली मालकी हैदराबादच्या एका डॉक्टरची. डाळमिलवाल्याने ती डॉक्टरकडून का घेतली याची कथा त्याने स्वतःच सांगितली, आणि ती ऐकून मी गाडीच्या निम्मा प्रेमात पडलो.

उदगीरचा जिल्हा होणार, ही बातमी त्या गावाने इतक्या वेळा ऐकली आहे की तिथल्या लेकरांनाही ती पाठ असावी. तशीच एक हवा उठली तेव्हा या गृहस्थांनी ठरवलं की जिल्हा जाहीर होईल त्या दिवशीच्या मिरवणुकीत पहिली गाडी आपली असेल. या गाडीच्या छताला काच होती, बटण दाबलं की सरकायची. त्यातून उभं राहायचं आणि गुलाल उधळायचा. एवढ्यासाठी त्यांनी सहा सिलिंडर विकत घेतले होते. मुंबईत अधिवेशन लागलं की गाडी धुवायची, टाकी भरायची, गुलालाचं पोतं डिकीत ठेवायचं. अधिवेशन संपलं की पोतं परत दुकानात. असं चार वर्षं चाललं. गाडी मिरवणुकीची वाट बघत म्हातारी होत गेली.

"आता माझे गुडघे गेले," ते म्हणाले. "उभं ऱ्हायचं होत न्हाई. बसून कुठं गुलाल उधळतेत का?"

आमचं बोलणं ओसरीत चाललेलं असताना आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कोट्टु बिडरी, कोट्टु बिडरी." माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. मला वाटलं चहाविषयी काहीतरी असेल.

मी गाडीत बसून बघितलं. कातड्याच्या सीटचा वास, हातात बसणारं जाड स्टिअरिंग, किल्ली फिरवल्यावर पोटातून येणारा तो घुमणारा आवाज. मला घासाघीस करायची होती. गाडीची किंमत त्यांनीच सांगितली आणि मी मान हलवली.

अट एकच होती. मागच्या काचेवर डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत एक स्टिकर होता, भगव्या अक्षरांत: नियोजित जिल्हा उदगीर. डाळमिलवाल्यांनी देवघरातून भस्म आणलं, बॉनेटवर तीन बोटं ओढली, मनातल्या मनात महादेवाचं काहीतरी म्हटलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"जिल्हा होईस्तोवर स्टिकर काढायचं न्हाई. शब्द द्या, सर."

मी दिला. त्या क्षणी त्यांनी नाव बदलून घ्यायला सांगितलं असतं तरी घेतलं असतं.

गाव सोडल्यावर बायकोने सांगितलं, "ती बाई म्हणत होती, देऊन टाका हो, देऊन टाका. इतक्या घाईनं कुणी चांगली वस्तू घरातून काढतं का?"

"आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही कुठं ऐकण्याच्या अवस्थेत होतात."

उदगीर-लातूर रस्ता तेव्हा सात सेकंदांचा नव्हता. सलग दोन सेकंदही त्यावर सरळ जाता येत नव्हतं. खड्डे चुकवत, म्हशींना मान देत आम्ही दोन तासांनी घरी पोहोचलो. त्वरण राहून गेलं. म्हटलं, गाडी आता घरचीच आहे, कधीही बघू.

लातुरात पहिला त्रास स्टिकरचा झाला. आमचा जिल्हा एकदा धाराशिवपासून तुटून झालेला, त्यामुळे तुटण्याचं दुखणं आणि तुटण्याची हौस दोन्ही आम्हाला ठाऊक. शेजारी तहसिलातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून राहतात. त्यांनी सकाळी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "सर, खाताय लातूरचं आणि जिल्हा फोडून राहिलाव का?" पेट्रोल पंपावरचा माणूस नोझल हातात धरून विचारायचा, "उदगीरचं पेट्रोल उदगीरला भरावं न्हाई का?" अहमदपूरच्या बाजूला गेलं तर तिथले लोक वेगळ्याच कारणाने डोळे वटारायचे, कारण जिल्हा व्हायचा तर त्यांच्या गावाचा का होऊ नये. आणि उदगीरकडचा कुणी भेटला की हॉर्न वाजवून हात वर करायचा, मग मलाही करावा लागायचा. मी शब्द दिला होता. शब्द मोडला असता तर चाललं असतं, कोण बघायला येणार होतं? पण मोडला नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे माझ्याविषयी फार चांगलं काही येणार नाही.

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तोच. त्यावर खूप लिहून झालं आहे, मी फक्त आमच्या घरातलं सांगतो. नळाला पाणी यायचं तेव्हा आठवडे मोजून झालेले असायचे. बायकोने अंगणात ड्रम लावले होते आणि प्रत्येकावर शाळेतल्या खडूने लिहिलं होतं: प्यायचं, स्वयंपाकाचं, भांड्यांचं, बाकीचं. प्यायच्या ड्रमची चावी तिच्या कमरेला. हो, ड्रमला कुलूप होतं. आमच्या गल्लीत त्यावर कुणी हसत नव्हतं. अंघोळीचं पाणी घमेल्यात साठवून ते पुढे संडासात जायचं. गाडी धुणं तर बोलायचीच गोष्ट नव्हती. धुतलेली गाडी दिसली की लोक मालकाकडे संशयाने बघायचे. माझ्या गाडीवर इतकी धूळ बसली होती की क्लासमधल्या कुणीतरी बॉनेटवर बोटाने गतीची तीनही समीकरणं लिहून ठेवली. तिसरं चुकलं होतं. मी दुरुस्त केलं.

आणि नेमक्या त्या उन्हाळ्यात एक दिवस गाडीखाली ओल दिसली.

एरवी गाडीखालच्या ओलीकडे कोण बघतं? पण त्या दिवसांत लातुरात जमीन ओली दिसली की माणसं थांबायची. दहा मिनिटांत अव्वल कारकून आले, समोरच्या दोघी आल्या, कुणीतरी म्हणालं पाइप फुटलाय, आणखी कुणी वाकून वास घेतला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की सरांची गाडी गळतेय. इंजिन थंड ठेवायला त्यात पाणी फिरतं, त्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीला बारीक चीर गेली होती. बायको शाळेतून आली तेव्हा गर्दी पांगली नव्हती. तिने सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. आत आल्यावर म्हणाली.

"एक सांगून ठेवते. प्यायच्या पाण्यातला एक थेंब जरी या गाडीच्या पोटात गेला, तर गाडी दुसऱ्या दिवशी दारात दिसता कामा नये. कबूल?"

"कबूल."

"बघा हं. उदगीरवाल्याला शब्द दिला तसा द्या."

मी दिला. म्हणजे एका गाडीवर माझे दोन शब्द झाले.

मग मी एक मूर्खपणा केला. क्लासच्या बोअरला थोडं पाणी होतं, पांढरट, चवीला मचूळ, कुणी पीत नव्हतं. प्यायचं नाही म्हणजे शब्दात बसतं, असा हिशेब करून मी ते गाडीत ओतत राहिलो. पंधरा दिवसांत गाडी जागच्या जागी तापायला लागली. टाकीचं झाकण उघडलं तर आत चहाच्या पातेल्याला बसतो तसा खार. केमिस्ट्रीचे सर शेजारच्याच खोलीत शिकवतात. त्यांना एकदा विचारलं असतं तरी भागलं असतं, पण फिजिक्सवाला केमिस्ट्रीवाल्याला विचारत नसतो.

लातुरातल्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून आत बघितलं आणि हात जोडले. नांदेडला जा म्हणाले. नांदेडला एक उस्ताद होते, साठीचे, हैदराबादला काम शिकून आलेले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. त्यांच्याकडे मुकाट्याने उभं राहावं लागायचं, बोललात की पुन्हा पहिल्यापासून ऐकणार.

डोळे उघडून त्यांनी विचारलं, "सर, इसको बोअरका पानी पिलाया क्या?"

"थोडं."

"थोडा न्हाई. लई पाजलाव. ये बेगम है, सर. बडे घरकी. बोअरका पानी नक्को इसको. भापेचं पाणी पाहिजे."

भापेचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, आणि ते आणायचं कुठून याचा विचार करत मी परत येत होतो तेव्हा माझ्या डोक्यात उशिरा का होईना फिजिक्स चाललं. आमच्या क्लासला सात एसी होते. एसीच्या मागून पाणी ठिबकतं ते काय असतं? हवेतली वाफ थंड होऊन झालेलं शुद्ध पाणी. लातूरच्या उन्हाळ्यात हवेत वाफ कुठली, पण आमच्या वर्गात दोनशे पोरं कोंबलेली असतात, चार चार तास घामेघूम होऊन श्वास सोडत. मी सातही नळ्यांखाली कॅन लावले. संध्याकाळपर्यंत भरपूर पाणी जमायचं. लातूरच्या पोरांच्या घामावर आणि धापांवर एक जर्मन गाडी थंड राहू लागली. बायकोने कॅनमध्ये डोकावून बघितलं, वास घेतला आणि हे प्यायचं पाणी नाही असा निकाल दिला. शिवाय निम्मे कॅन भांड्यांसाठी जप्त केले. अव्वल कारकूनही एक छोटा कॅन मागून घेऊन गेले आणि स्टिकरविषयी बोलायचे थांबले.

उस्तादांनी त्याच खेपेला चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून वर राखाडी लेप थापला. नवी टाकी हैदराबादहून यायला दोन-तीन आठवडे लागणार होते. "तोपर्यंत चालवा," ते म्हणाले, "लेकिन दौडाना नक्को. साठच्या पुढं गेलाव की मेरी जिम्मेदारी न्हाई."

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी नांदेडला एका क्लासमध्ये माझं व्याख्यान होतं. मी एकटाच निघालो. डिकीत एसीच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, चाकूरला आणि अहमदपूरला थोडं थोडं ओतून त्या संपवल्या. पट्टी धरून होती. तापमानाचा काटा मध्यावर होता. अहमदपूर सोडल्यावर लोह्याच्या अलीकडे रस्त्याचा एक तुकडा नुकताच केलेला लागला. काळाभोर, सरळ, वर आभाळ पांढरं पडलेलं आणि दोन्ही बाजूंना रिकामी ढेकळं. समोर कुणी नाही. आरशात कुणी नाही.

मी गाडी थांबवली. एवढं मला आठवतं की थांबवताना मी ठरवून थांबवली, चुकून नव्हे. मग पाय खाली दाबला.

आई गं! पोटातलं सगळं पाठीशी गेलं. मान मागच्या उशीवर आपटली. स्टिकर, दुष्काळ, उस्ताद, सगळं मागे राहिलं आणि मी बावन्न वर्षांचा माणूस एकटाच गाडीत ओरडलो. सात सेकंद पुरे झाले का आठ, मोजायचं राहून गेलं. त्या पोरीला मी जे उत्तर दिलं होतं ते बरोबर होतं, फक्त त्यात आनंद सांगायचा राहिला होता. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मग तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बॉनेटच्या फटींतून वाफ आली.

रस्त्याच्या कडेला पत्र्याचं एक चहाचं हॉटेल होतं, तिथपर्यंत गाडी कशीबशी सरकली. हॉटेल बंद होतं. चूल गार, बरण्या रिकाम्या, बाकडी एकावर एक रचलेली. पाणी नाही तर चहा कशाचा करणार? पण हॉटेलवाली बाई सवयीने तिथेच बसली होती, पन्नाशीची, शेंगा निवडत. मी उतरून बॉनेट उघडलं आणि वाफेला तोंड द्यायला नको म्हणून बाजूला झालो. टाकी गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं. अर्धा तास मी उन्हात उभा राहिलो. बाई आधी गाडीकडे बघत होती, मग मागे जाऊन काच बघून आली. अक्षरं तिने बोट फिरवत वाचली.

"सायेब," तिने विचारलं, "नव्या जिल्ह्याचे का तुमी?"

मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला पाणी लागणार होतं आणि ती साहेब म्हणाली ते सोयीचं होतं.

"जिल्हा झाला की हिकडं टँकर वाढतेल का? आता आठ दिवसाला येतंय. लई हाल हायेत बघा."

"बघतो," मी म्हणालो.

ती आत गेली आणि पितळेचा तांब्या भरून घेऊन आली. माझ्यासमोर धरला. तो मला प्यायला दिलेला होता, यात संशयाला जागा नव्हती. वर फुलपात्रही होतं. माझ्या घशाला कोरड होती. पण टाकी गार झाली होती आणि माझं सगळं लक्ष तिच्यात. मी झाकण फिरवलं आणि तांब्या टाकीत ओतला. बाईने बघितलं. आत जाऊन दुसरा आणला, मग तिसरा. शेवटचा तांब्या आणताना आत घागर तिरकी केल्याचा आवाज आला. तो तांब्या अर्धाच होता.

मी बॉनेट लावत होतो तेवढ्यात शेजारची एक बाई रिकामी कळशी घेऊन आली. "काकी, तांब्याभर पाणी आसंल तर दे की. लेकराला पाहिजे. टँकर आता परवाच."

"न्हाई गं," हॉटेलवाली म्हणाली. "व्हतं तेवढं सायबाच्या गाडीला दिलं. थांब, खालच्या वस्तीवर बघू."

दोघी कळशी घेऊन उन्हात चालायला लागल्या. मला कुणी काही म्हटलं नव्हतं. मी गाडीत बसलो आणि चाळीसच्या वेगाने नांदेडला गेलो. व्याख्यानात काय बोललो देव जाणे. उस्तादांनी पट्टी पुन्हा आवळली आणि माझ्या तोंडाकडे बघून वेग विचारला नाही. परतताना हॉटेलसमोरून गेलो तेव्हा ती बाई बसली होती. तिने हात वर केला. मी थांबलो नाही.

"गाडी कशी चालली?" बायकोने विचारलं.

"बरी."

दोन दिवस मी बरीवर काढले. लपवणं अवघड नव्हतं. घरचं पाणी नव्हतंच ते, अटीतून पळवाट निघत होती, आणि पळवाटा काढणारा वकील माझ्या आत रात्रंदिवस बडबडत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने कमरेची चावी काढून ड्रम उघडला आणि मला तांब्या दिला. तसाच पितळेचा. मला तो तोंडाला लावता येईना. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, सात सेकंदांसकट.

तिने ऐकून घेतलं. मग तपासणी सुरू झाली.

"किती तांबे?"

"साडेतीन."

"त्यातलं तुम्ही किती प्यालात?"

"काहीच नाही."

"आणि तिला काय म्हणालात?"

"बघतो म्हणालो."

"बघतो," ती म्हणाली. "तुम्ही कोण लागून गेलात बघणारे?" ड्रमचं झाकण तिने असं आदळलं की अव्वल कारकुनांनी खिडकी उघडली. "गाडी विकायची. पण आधी त्या बाईचं पाणी परत द्यायचं. रविवारी मी येते."

केमिस्ट्रीच्या सरांना गाडी हवीच होती. त्यांनी सोमवारी सकाळी यायचं नक्की केलं. मला त्यांचा इतका राग आला की त्यांनी काही केलेलं नसताना मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

रविवारी आम्ही आठ रिकामे कॅन घेऊन नांदेडला गेलो. नवी टाकी आली होती. उस्तादांनी ती बसवली, आतला खार धुऊन काढला, वरच्या रेषेपर्यंत गुलाबी कूलंट भरलं आणि म्हणाले की आता वर्षभर हिला काही पाजायचं काम नाही. त्यांच्या घरी नळाला पाणी होतं. कॅन कशाला हवेत ते बायकोने सांगितलं. माझ्यासाठी काही झाकून ठेवलं नाही. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं, घरात गेले आणि स्वतःचे आणखी चार कॅन घेऊन आले. डिकी भरली, मागची सीट भरली, गाडी मागून खाली बसली. ज्या गाडीच्या वेगाची मी पंधरा वर्षं गणितं घातली ती आता तीसने चालली होती. कडब्याने भरलेला ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला आणि ड्रायव्हरने स्टिकर बघून आरोळी ठोकली, "अहो, ह्या स्पीडनं कवा व्हायचा जिल्हा?"

बायको हसली. मी नाही. उद्या सोमवार होता आणि मला गाडीची आत्ताच आठवण यायला लागली होती. स्टिअरिंगवरच्या कातड्यावरून मी अंगठा फिरवत होतो, तिला दिसणार नाही असा. तिला दिसत होतं.

हॉटेलवाली बाई होती. मी उतरलो आणि घोकून ठेवलेलं बोलून टाकलं. "मावशी, मी साहेब नाही. मास्तर आहे. जिल्ह्याचं, टँकरचं माझ्या हातात काही नाही. त्या दिवशी मी खोटं वागलो."

"ते कळलंच की मला," ती म्हणाली. "सायेब लोक सोता कुठं बानेट उघडतेत?"

"मग पाणी कशाला दिलंत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, हा काय प्रश्न झाला अशी. "दारात तापून हुबी ऱ्हायली व्हती," ती म्हणाली. "बैल धापा टाकाय लागला तर आदी त्यालाच पाजतेत न्हवं."

आम्ही कॅन उतरवले. शेजारचीही आली, कळशी घेऊन. घागर भरली, मडकी भरली, हॉटेलातली मोठी पातेली भरली. सगळं भरून झाल्यावर बाईने तोच पितळेचा तांब्या बुडवून भरला आणि चालू लागली ती थेट गाडीच्या बॉनेटकडे.

"हिला आदी," ती म्हणाली. "त्या दिशी शेवटचा तांब्या अर्धाच निघाला."

मी बायकोकडे बघितलं. प्यायचं पाणी होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत.

"अहो, उघडा की," बायको म्हणाली.

मी बॉनेट उघडलं. टाकीच्या पांढऱ्या प्लॅस्टिकमधून गुलाबी पाणी वरच्या रेषेला टेकलेलं दिसत होतं. मी बाईला दाखवलं. "भरलीय, मावशी. आता एक थेंबही मावत नाही."

तिने वाकून नीट बघितलं, खात्री करून घेतली. मग तांब्या माझ्यासमोर धरला. "मग तुमी प्या. त्या दिशी तुमाला म्हणून आणलं व्हतं, तुमी पिलावच न्हाई."

मी उन्हात उभा राहून तांब्या वर केला आणि घटाघटा प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं ते मी शर्टाच्या बाहीने पुसलं. कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

परतताना अहमदपूर लागलं. रिकामे कॅन मागे एकमेकांवर आपटत होते. मी केमिस्ट्रीच्या सरांचा विचार करत होतो, किल्ल्या त्यांच्या हातात कशा ठेवायच्या याचा. गाव मागे पडल्यावर बायको मागे वळून बघत म्हणाली, "ही मागची सीट निघते का हो?"

"निघते. चार बोल्ट असतात."

"मग काढून ठेवा रात्री," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी अजून सहा कॅन बसतील."